मूसची शिकार: आधी मांस कसं आणणार ते सांगा

सप्टेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचे मूसच्या (इथलं अवाढव्य हरीण) शिकारीबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले निम्मे "एका मित्राने सांगितलं की" ने सुरू होतात. उत्तरं अलास्कापुरतीच आहेत, मी इथेच राहतो.

प्रश्न: मी टेक्सासला असतो, यूएस सिटिझन आहे. गाइड लागतोच का?

मूससाठी नाही. तपकिरी अस्वल, डॉल शीप आणि माउंटन गोटला लागतो. लायसन्स १६० डॉलर, मूसचा टॅग (एका जनावराचा परवाना) ८०० डॉलर, पण भरायच्या आधी डिपार्टमेंटच्या (अलास्काचं फिश अँड गेम खातं) साइटवर एकदा बघा.

प्रश्न: मेव्हणा पुण्याहून टुरिस्ट व्हिसावर येतोय, त्याला पण एक मूस मारू द्यायचाय. आणि माझा मित्र एच-वन-बीवर आहे, त्याचं काय?

मेव्हण्याला लायसन्सवाला गाइड घ्यावाच लागेल, तुम्ही सोबत असून चालत नाही, आणि तुमच्या टॅगवर तर अजिबातच नाही. मित्राचं प्रकरण वेगळं. व्हिसावरच्या माणसाने बंदूक हातात घेण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे, हंटिंग लायसन्स असेल तर त्यात सूट आहे, पण ती त्याला किंवा मेव्हण्याला लागू होते का हे इमिग्रेशनच्या वकिलाने सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने नाही.

प्रश्न: विमानातून मोठा मूस दिसला तर उतरल्या उतरल्या मारता येतो?

नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतर.

प्रश्न: आम्ही दोघं एकदम फिट, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय. डाल्टन हायवेने युकॉन नदी ओलांडून ब्रुक्स रेंजच्या डोंगरांपर्यंत गाडीने जायचं आणि तिथून ६ मैल आत चालत, म्हणजे रायफल चालते. प्लॅन कसा वाटतो?

नियम अर्धा बरोबर वाचलात. नदीच्या उत्तरेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ५ मैल बंदुकीने शिकार बंद आहे, फक्त धनुष्यबाण. पण त्याच पट्ट्यात एटीव्ही (कच्च्या जमिनीवर चालणारी छोटी गाडी) वगैरे पण चालत नाही, हे कोणी सांगितलं नाही वाटतं.

आता हिशोब करा. मोठा नर १२०० ते १६०० पाउंडांचा असतो, त्यातून हाडं काढून साधारण ५०० पाउंड मांस निघतं. दोघांत म्हणजे प्रत्येकी ४ खेपा, एका खेपेला ६०-६५ पाउंड. चार वेळा बाहेर, तीन वेळा परत, गुणिले ६, झाले ४२ मैल, त्यातले २४ पाठीवर ओझं घेऊन. तंबू आणि शिंगं अजून तिथेच आहेत. आणि ही नळीची वाट नाही हो, तिथे दगड तरी जागेवर राहतो, इथे टसॉक म्हणजे गवताचे डुगडुगणारे गोळे आणि मध्ये पाणी, दिवसाला एक फेरी झाली तरी खूप, म्हणजे ४ दिवस ते मांस तिथे पडणार आणि अस्वलाला पत्ता लागणार. काही युनिट्समध्ये (शिकारीसाठी आखलेले विभाग) मांस हाडासकट आणावं लागतं, मग एकेक मांडीच १०० पाउंडांच्या वर जाते. मान, बरगड्या, छाती, फरे, मांड्या, पाठीचं मांस, सगळं आणावं लागतं, सोडून आलात तर गुन्हा आहे. शिंगं शेवटच्या खेपेला, आधी नाही. मी पहिल्या वर्षी दोन मैलांवर मारला होता आणि तिसऱ्या खेपेला एका टसॉकवर बसून अक्षरशः रडलोय. तेव्हापासून नदीपासून किंवा धावपट्टीपासून एक मैलाच्या आत असेल तरच ट्रिगरला बोट लावतो. नकाशावर आधी मांसाची वाट आखा, मूस नंतर शोधा. युनिटचा सीझन उघडा आहे का, हाडासकटचा नियम आहे का, हे तिथल्या एरिया बायोलॉजिस्टला फोन करून विचारा, जूनमध्ये, ऑगस्टच्या शेवटी नाही.

आणि मांस प्लॅस्टिकमध्ये घालू नका. कापडी गेम बॅग, सावली, वारा, कोरडं. प्लॅस्टिकमध्ये गरम राहतं आणि नासतं.

प्रश्न: शिंगांचा पसारा ५० इंच हवा म्हणतात, ते लांबून कसं ओळखायचं?

दोन डोळ्यांमध्ये साधारण १० इंच असतात, त्यावरून अंदाज घेतात, पण अंदाजावर गोळी घालू नका. शिंगांची कपाळाजवळची टोकं मोजा, किती लागतात (३ की ४) ते युनिटवर आहे. डिपार्टमेंटचा व्हिडिओ दोनदा बघा. शंका आली तर मारायचा नाही.

प्रश्न: एक विमानवाला "गॅरंटीड मूस" म्हणून पॅकेज देतोय, घ्यावं का?

ट्रान्सपोर्टरला फक्त ने-आण करायची परवानगी असते, शिकार करवून द्यायची नाही, मग गॅरंटी कसली? त्याला विचारा मांसाच्या फेऱ्या पॅकेजमध्ये आहेत का, आणि लेखी घ्या. बहुतेक वेळा नसतात, आणि खरं बिल तिथेच फुटतं. हवामानाने अडकाल म्हणून परतीच्या तिकिटाला ४-५ दिवस मोकळे ठेवा, आणि सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने का होईना पण घ्याच.

प्रश्न: थोडं मांस ड्राय करून भारतात नेता येईल का?

विचारसुद्धा करू नका.