आजोबा फौजेत होते, दहाव्याला त्यांच्याबद्दल काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा फौजेतून निवृत्त झालेले, गेल्या आठवड्यात गेले, दहाव्याला घरचे ‘चार शब्द बोल’ म्हणतायत आणि लढाईबद्दल त्यांनी कधी काही सांगितलंच नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो.

आमचे आबा पाटण तालुक्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. दहाव्याला नदीवर माझ्या आधी दोन पुढारी बोलून गेले. ‘देशासाठी रक्त सांडलं’ वगैरे. आबांचं रक्त सांडलं ते एकदाच, कडबाकुट्टीत बोट गेलं तेव्हा. मला तिथंच कळलं की मोठे शब्द संपलेत, आता आपल्याकडं असेल तेवढंच बोलायचं.

आधी त्यांची ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, पलटण, पदकं सगळं मिळतं. आबांच्या नावापुढं ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही पदकं होती. ‘पूर्वी स्टार’ म्हणजे १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर. त्यावरून मी बाकीचं वाचून काढलं. त्यांची पलटण आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पाकिस्तानी कमांडरनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडी तिथून निसटायला बघत होती, ती हिच्याच तोंडी आली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाका.

आणि आबा? लहानपणी मी शंभरदा विचारलं असेल. दरवेळी एकच उत्तर. ‘भात कापणीला आल्यालं. कापाय मानूस न्हवता. पार लोळलं हुतं.’ मला तेव्हा फार राग यायचा. तोफा सोडून हा माणूस भात काय सांगतो! नदीवर मी नेमकं तेच सांगितलं, एवढंच. आमच्याकडं सगळेच भातवाले, पुढं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पहाटे चारला उठायचे, शिस्तीचे होते, हे मात्र टाळा. प्रत्येक फौजी उठतो. तुमच्याच आजोबांचं असं काय होतं ते शोधा. निवृत्तीनंतर आबांनी पुण्यात एका कारखान्यावर बारा वर्षं वॉचमनकी केली, तीन पोरींची लग्नं केली. हे मी एका वाक्यात उरकलं. ज्यात खरा माणूस सापडला ती ट्रंकेच्या तळाशी सुतळीनं बांधलेली पत्रं होती. सगळी निळी आंतरदेशीय, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपाल. मजकूर तोच तोच. तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार, इकडे थंडी आहे, मनिऑर्डर पोचली का, आणि शेवटची ओळ हमखास ‘म्हशीला जपावे’. गंमत अशी, म्हैस ७२ च्या दुष्काळात विकली. पत्रं पार ७८ पर्यंतची. सहा वर्षं हा माणूस नसलेल्या म्हशीची चौकशी करत होता! मी ते विसरभोळेपणा म्हणून सांगितलं. लोक खळखळून हसले, नदीवर दहाव्याला हसतात तसे, जरा चोरून.

चूक एकच झाली, ती तुम्ही करू नका. पत्रं मिळाल्यावर मी आजीला आधी विचारलं नाही. ती नदीवर आली नव्हती. घरी आल्यावर कुणीतरी तिला म्हशीचा किस्सा सांगितला. आजी भिंतीला टेकून बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, ‘म्हस इकल्याचं मीच कळवाय लावलं हुतं त्यास्नी. पत्र गुर्जी वाचायचं, म्होरं सासू-सासरं बसल्यालं. माझं नाव कसं घेत्याल?’