श्रीमती, सौ. की गं. भा.?

प्रश्न असा आला आहे : भावाच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. वडील हयात नाहीत, त्यामुळे निमंत्रक म्हणून आईचं नाव जाईल. काका म्हणतात, रीतीप्रमाणे 'गं. भा.' (गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात ते) लिहा. आत्या म्हणते, 'श्रीमती'सुद्धा नको, त्यावरूनही कळतंच. बरोबर काय? आणि घटस्फोट झालेल्या मावशीच्या नावाआधी काय घालायचं?

आईसाठी 'श्रीमती' लिहा, नाहीतर नुसतं नाव लिहा. 'गं. भा.' लिहू नका. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. आत्यांची शंका मात्र उडवून लावण्यासारखी नाही.

'श्रीमती' हे संस्कृत 'श्रीमत्'चं स्त्रीलिंगी रूप. जिच्यापाशी श्री आहे ती श्रीमती. त्यात नवऱ्याचा संबंध कुठेच येत नाही. हिंदीत तर विवाहितेलाच श्रीमती म्हणतात. आपल्याकडे लग्न न झालेलीला 'कु.' लागलं, नवरा असलेलीला 'सौ.' लागलं आणि श्रीमतीच्या वाट्याला जी उरली ती विधवा. शब्दात नसलेला अर्थ असा वजाबाकीने चिकटला. सरकारी पत्रांत सरसकट सगळ्या बायकांना श्रीमती लिहितात. तसं पत्र घरी आलं की अजूनही एखाद्या सासूबाई 'अगं बाई, हे काय लिहिलंय!' म्हणून दचकतात.

'सौ.' म्हणजे सौभाग्यवती. संस्कृतात सौभाग्य म्हणजे चांगलं नशीब, लोभसपणा, लाडकं असणं. मराठीत ते आकसत आकसत 'नवरा जिवंत असणं' एवढंच राहिलं. पत्रिकेतच बघा ना. वराच्या नावाआधी 'चि.', म्हणजे चिरंजीव, एवढ्यावर भागतं. वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' येतं, म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. वराने कसली इच्छा धरावी अशी कोणाची अपेक्षा दिसत नाही. आणखी एक गंमत : पुरुष स्वतःच्या सहीत 'श्री.' लिहीत नाही, ते अशिष्ट मानतात. बायका मात्र पत्राखाली 'सौ.' घालून सही करत आल्या, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही ते छापलं गेलं. आदरार्थी उपपद आपणच आपल्याला लावत नाहीत. 'सौ.' ही नुसती माहिती होती, म्हणून चालून गेलं.

जुन्या पत्रांचे मायने पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. पुरुषाला राजमान्य राजश्री, श्रीमंत, वेदशास्त्रसंपन्न. त्याचा मान, पैसा, विद्या, सगळं मायन्यात यायचं. बाईला 'वज्रचुडेमंडित सौभाग्यादिसंपन्न'. वज्रचुडा म्हणजे न फुटणारा चुडा. तो फुटला की मायना बदलायचा आणि तीच बाई 'गंगाभागीरथी' व्हायची. गंगेसारखी पवित्र, असा त्याचा अर्थ सांगतात. पण कागदावर जिला गं. भा. लिहीत, तिलाच ब्राह्मण घरांत न्हाव्यापुढे बसवून डोकं भादरत, लाल आलवण नेसवत आणि शुभकार्यात समोर येऊ देत नसत. बोलण्यात तिला 'बोडकी' म्हणत. 'गं. भा.'चा मान मला पटत नाही तो यामुळे. तो शब्द त्या वागणुकीवरचं पांघरूण होता.

अर्थात हे सगळं लिहित्या-वाचत्या, वरच्या जातींच्या घरांतलं. अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचं लग्न पिढ्यान्‌पिढ्या होत आलं. त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत. लग्नाच्या बायकोपेक्षा पाटाच्या बायकोचा मान कमी असे, पण तिची वाट बंद नसे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला तेव्हा आपल्याकडे जो गदारोळ उठला तो मुख्यतः पाट न मानणाऱ्यांत.

'विधवा' शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो 'वि' अधिक 'धव' (नवरा) असा फोडून बिनदिक्कत सांगितला जातो. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, या शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती आहेत आणि ही फोड त्यांत सर्वांत शेवटी येते. शिवाय यास्क 'धव'चा अर्थ नवरा असा न देता माणूस असा देतो. आजचे भाषाशास्त्रज्ञ उलटं सांगतात : विधवा हा शब्द फार जुना, लॅटिन 'विदुआ' त्याचं भावंड, मूळ अर्थ रिती किंवा एकटी झालेली. 'धव' नंतर त्याच्यातूनच कापून काढला आणि मग 'सधवा' घडवली. यास्क ज्या ऋचेवर हे लिहितो ती ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली (१०.४०.२). 'विधवेव देवरम्', विधवा दिराला शेजेवर बोलावते तसं, अशी उपमा तिथे अश्विनीकुमारांना उद्देशून सहज येऊन जाते. म्हणजे शब्द तोच राहिला आणि त्या बाईने कसं जगावं याचे नियम मात्र पार बदलले. 'पूर्वीपासून असंच आहे' म्हणणाऱ्या काकांना ही ऋचा दाखवायला हरकत नाही. वातावरण बघून दाखवा.

नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर न बेतलेलं उपपद मराठी बाईला मिळायला लागलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळाली. १८८२ मध्ये पती वारल्यावरही लोक त्यांना पंडिताच म्हणत राहिले. रखमाबाईंचं उदाहरण तर डोकं चक्रावणारं आहे. लहानपणी झालेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं, आणि १८८७ साली न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्यांना कुमारी म्हणणार, सौ. की गं. भा.? 'डॉ.'ने तो प्रश्नच निकालात काढला. तरीही तो नवरा वारल्यावर त्या पांढरी साडी नेसू लागल्या असं त्यांची चरित्रं सांगतात.

हा वाद अलीकडे पुन्हा उकरला गेला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच राज्यात, महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितला. टीकेची झोड उठल्यावर 'निर्णय झालेला नाही' असा खुलासा आला. हेरवाडने रीत बदलली, मुंबईने नाव बदलायला घेतलं. मला हेरवाडचं जास्त कळतं.

आता मावशी. जुन्या मायन्यांत घटस्फोटितेला जागाच नाही. बोलीत 'काडीमोड' होती, पण पत्रात तिचं काय लिहायचं हे कोणी ठरवलं नाही. तेव्हा त्यांनाही श्रीमती लिहा. आईलाही तेच आणि नवरा असलेल्या काकूलाही तेच, म्हणजे आत्यांची हरकत आपोआप मिटेल. मावशींनी आडनाव सासरचं ठेवलंय की माहेरचं परत लावलंय, तेवढं छापायला देण्याआधी त्यांनाच विचारून घ्या.