दीड वर्ष निघेल हो गुरुजी, पण एकोणिसावा महिना?

नंदुरबारहून एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आहे. चार वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वय ६२. पत्नी ६१ वर्षांच्या, एका ट्रस्टच्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. दोघांना मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ओळखीतून झारखंडला दीड वर्ष सेवेला या म्हणून बोलावणं आहे. पश्चिम सिंहभूम जिल्हा, चक्रधरपूरपासून बरंच आत, मुलांचं मिशन वसतिगृह. सिस्टरांनी तिथला दवाखाना बघायचा, गुरुजींनी मुलांचं गणित आणि वसतिगृहाचे हिशोब. राहायला दोन खोल्या मिळतील. मानधन नाही, जेवण, औषधं, प्रवास सगळं स्वतःचं.

गुरुजी लिहितात, "आमच्या पणजोबांना अक्षर शिकवणारा साहेब समुद्र ओलांडून आला होता. आम्ही तर रेल्वेनेच जाणार." खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खान्देशात उतरली, इथली भाषा शिकली. त्या घरातला नातू-पणतू आता झारखंडातली 'हो' ही आदिवासी भाषा शिकायला निघालाय, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण माझं काम अप्रूपाचं नाही, आकड्यांचं आहे.

आकडे असे. गुरुजींची पेन्शन महिना ३६,००० (अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं, केलेलं नाही). सिस्टरांची ईपीएफची पेन्शन २,४००. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुरुजींच्या नावावर १५ लाख, १४ महिन्यांपूर्वी टाकलेले. एका पतपेढीत ६ लाख. बँकेत ४ लाख. नंदुरबारात स्वतःचं घर. मुलगा सुरतेला, फ्लॅटचं कर्ज डोक्यावर. मुलगी धुळ्याला दिलेली. दोघांचा मिळून ५ लाखांचा आरोग्यविमा, चार वर्षं जुना.

आणि बेत असा: पोस्टातले १५ लाख मोडायचे, ५ लाख वसतिगृहाच्या छपराला द्यायचे, १० लाख मुलाच्या कर्जात भरायचे, घराचं बक्षीसपत्र मुलाच्या नावाने करून मोकळं व्हायचं, "म्हणजे मागे काही पाश नको". प्रश्न एकच विचारलाय: पेन्शनवर दीड वर्ष निघेल ना?

गुरुजी, निघेल. आरामात निघेल. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. मला जे सांगायचं आहे ते तुम्ही न विचारलेल्या महिन्याबद्दल आहे. अठरा महिने संपवून तुम्ही दोघं नंदुरबार स्टेशनवर उतराल, त्या एकोणिसाव्या महिन्याबद्दल.

आधी तुमचा बेत बाजूला ठेवून, काहीही न मोडता काय चित्र दिसतं ते बघू. ३८,४०० पेन्शन झाली. १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,२३,०००. पोस्ट ते तिमाहीला ३०,७५० असं जमा करतं, म्हणजे महिन्याला १०,२५०. एकूण ४८,६५०. मंडळीला द्यायचा दशमांश पेन्शनवरच काढायचा की व्याजावरही, हे तुमचं आणि प्रभूचं. मी आपला दोन्हींवर धरलाय, ४,८६५. तिकडचं जेवणखाण ९,०००, औषधं ३,०००, दोन मोबाईल ८००, चक्रधरपूरच्या बाजाराला जाणं-येणं १,५००. दीड वर्षात दोन वेळा घरी यायचं म्हणून महिन्याला २,००० बाजूला. विम्याचा हप्ता वर्षाला ४५,००० लिहिलाय, तो महिन्याला ३,७५० पडतो. नंदुरबारच्या घराची घरपट्टी, पाणीपट्टी, वीज आणि झाडलोट १,५००. नातवंडांचे वाढदिवस, लग्नकार्याचा आहेर २,०००. बेरीज २८,४१५. शिल्लक २०,२३५ रुपये.

अठरा महिन्यांची शिल्लक ३ लाख ६४ हजार. हा आकडा पेन्सिलीने समासात लिहून ठेवा, छपराच्या वेळी लागेल.

जेवणाला ९,००० जास्त वाटतील. मुद्दाम जास्त धरलेत. तिकडे दोन्ही वेळा भात. पहिले दोन महिने कौतुकाने खाल, तिसऱ्या महिन्यात सिस्टर कळण्याच्या भाकरीची आठवण काढतील आणि नंदुरबारहून पिठाचं आणि मिरचीचं पार्सल मागवलं जाईल. आमच्या जळगावची दोन-तीन कुटुंबं मी बघितली आहेत, बाहेर राहिलं की खान्देशी माणसाचं बजेट तिखटावर आणि पिठावरच फाटतं.

आता तुमच्या बेताकडे. मुदतीआधी खातं मोडलं आणि वर्ष होऊन गेलेलं असलं, पण दोन झाली नसली, तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. १५ लाखांवर २२,५००. हा तोटा मी फारसा मनावर घेत नाही. दीड वर्षाचं १,८४,५०० व्याज बुडेल, तेही एक वेळ सोडा, कारण व्याज नसलं तरी पेन्शनवर तुमचा खर्च भागून महिन्याला अकरा हजार उरतात. म्हणूनच तुमचा बेत कागदावर इतका सरळ दिसतो, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. दीड वर्षात एकदाही टोचणार नाही.

टोचेल कधी? गुरुजी, तुम्ही आधी गेलात तर. पेन्शन तुमची आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाचा साधा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, पूर्ण पेन्शन ५० टक्के. म्हणजे तुमच्या ३६ हजारांचे सिस्टरांच्या हातात साधारण साडेएकवीस हजार येतात. सुरुवातीला काही वर्षं जादा दर मिळू शकतो, तो मी धरत नाही. तुमच्या बेताप्रमाणे त्या दिवशी सिस्टरांकडे मुद्दल कुठलं? पतपेढीतले ६ लाख आणि बँकेतले उरलेसुरले. घर मुलाच्या नावावर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी रात्रपाळ्या केलेल्या बाईला म्हातारपणी 'राहू का?' असं विचारावं लागेल असा कागद आपण आज करतोय का, एवढंच मला विचारायचं आहे. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. सुरतेत नोकरी जाऊ शकते, कर्ज थकू शकतं, आणि ज्याच्या नावावर घर त्याच्या अडचणीत ते घरही ओढलं जातं.

बक्षीसपत्र स्वस्त आहे हे मला माहीत आहे. राहतं घर मुलाला द्यायचं तर मुद्रांक २०० रुपयांचा, वर स्थानिक अधिभार, एका दिवसात काम. स्वस्त आणि झटपट असल्यामुळेच लोक ते उरकतात. कागदात सांभाळाची अट लिहिली असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली पुढे ते रद्द मागता येतं. पण मुलाविरुद्ध अर्ज घेऊन प्रांतांच्या कचेरीत बसणारे गुरुजी तुम्ही मला वाटत नाही.

आणखी एक. तुमच्या चार पानी पत्रात मुलीचा उल्लेख एकदाच आहे: घराच्या चाव्या तिच्याकडे राहतील. सवड मिळेल तशी धुळ्याहून येऊन घर उघडेल, वाळवी बघेल, मे महिन्यात टाकीत पाणी आहे का ते बघेल. ख्रिस्ती कुटुंबात भारतीय वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समान वारस. बक्षीसपत्राने तिचा वाटा तिच्या नकळत जातो. तुमच्या मनात तसं असेल तर तो तुमचा अधिकार, पण तो समजून-उमजून वापरलेला असावा.

मृत्युपत्र करा. दोघांनी वेगवेगळं. साध्या कागदावर चालतं, नोंदवलंत तर उत्तम. दोन साक्षीदार, आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको. ख्रिस्ती मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेला वाटा बाद होतो. मिशनला मोठी रक्कम द्यायची तुमची इच्छा इथे लिहा. पूर्वी ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने देणगी ठेवायची तर मरणाआधी बारा महिन्यांची वगैरे अट पाळावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलमच रद्द केलं. त्यामुळे दोघांच्या पश्चात काय उरेल त्यातला हवा तो हिस्सा वसतिगृहाला ठेवा, कुणी अडवत नाही.

तोवर छपराचं काय? समासातला आकडा काढा. महिन्याला उरणाऱ्या वीस हजारांतले दहा हजार छपराला दिलेत तर अठरा महिन्यांत १ लाख ८० हजार होतात, मुद्दलाला हात न लावता. शिवाय तुम्ही तिथेच असणार. पत्रे किती लागतात, कैच्या लाकडाच्या की लोखंडाच्या, गवंडी कोण, हे डोळ्यांनी बघून पैसे निघतील. वसतिगृहाचे हिशोब तुम्हीच लिहिणार आहात, तर पावतीही तुमच्याच हाताने फाडा. देणगी बँकेतूनच द्या, रोख नको. करसवलतीची आशा धरू नका: देणगीची वजावट जुन्या करप्रणालीतच चालते, आणि नव्या प्रणालीत १२ लाखांच्या आतल्या तुमच्या उत्पन्नावर तसाही कर बसत नाही.

मुलाच्या दहा लाखांना माझा साफ नकार आहे. त्याचं वय कर्ज फेडायचं आहे, तुमचं उरलेलं वय नव्याने कमवायचं नाही. वाईट वाटेल त्याला. तुम्हाला सांगणं जड जात असेल तर माझ्या नावावर ढकला, 'जळगावचा सल्लागार नाही म्हणतो' म्हणून सांगा. बिल मी सोसतो.

सगळ्यात तातडीचं मात्र वेगळंच आहे: पतपेढी. ११ टक्के व्याज बघून सहा लाख ठेवलेत, तेही नावापुरत्या ओळखीवर. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्यात असते; पतपेढीच्या ठेवीला ते कवच नाही. खान्देशात ठेवीची पावती हातात धरून वर्षानुवर्षं चपला झिजवलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, तुमच्याही ओळखीत असतील. दीड हजार किलोमीटरवर बसून तुम्ही चपलाही झिजवू शकणार नाही. मुदत संपताच पैसे काढा आणि सिस्टरांच्या नावाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. वय साठच्या वर असल्याने त्या पात्र आहेत. वर्षाला ४९,२०० व्याज येईल, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या नावावर येईल.

बँकेतले ४ लाख तसेच राहू द्या, दोघांपैकी कुणालाही काढता येतील अशा जोड खात्यात. त्यातले दोन लाख तुमच्याच आजारपणासाठी. तो भाग मलेरियाचा आहे, आणि जवळच्या दवाखान्यात तुमच्या विम्याची कॅशलेस सोय असेलच असं नाही. आधी भरून मागाहून बिलं पाठवावी लागतील. विम्याचा हप्ता खात्यातून आपोआप जाईल असं करून ठेवा, तो चुकला तर चार वर्षांची पुण्याई गेली. चाळीस-पन्नास हजार 'अचानक निघण्याचे' म्हणून मनाने वेगळे काढा. अहमदाबाद-हावडा गाडी नंदुरबारवरूनच चक्रधरपूरला जाते, गाडी बदलावी लागत नाही हे खरं. पण भावकीत मयत झालं तर रात्रीतून आरक्षण मिळत नाही, मग रांचीला जाऊन विमानच. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तीही हिशोबात नको.

राहता राहिला हयातीचा दाखला. गुरुजींचा नोव्हेंबरात द्यावा लागतो. सिस्टरांचा वर्षात केव्हाही चालतो, दिल्यापासून वर्षभर. जीवन प्रमाण मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. माझ्या आईचा अंगठा मशीन ओळखत नाही, आयुष्यभर भाकरी थापून रेषाच उरल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यापायी तिची पेन्शन दोन महिने अडकली होती. तेव्हापासून आम्ही अंगणात उजेडाला खुर्ची टाकून तिचा फोटो काढतो. पापणी मिटली की ॲप पास करतं, आणि ती दर वर्षी नेमकी त्याच वेळी डोळे वटारून बसते. तुम्ही निघण्याआधी एकदा घरी करून बघा, आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना तेही बघा. दाखला थांबलाय असं सांगत कुणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

घर भाड्याने द्यायचं असेल तर पुढची खोली तेवढी द्या, अकरा महिन्यांचा करार नोंदवून. न नोंदवता कुणालाही ठेवू नका, मंडळीतला असला तरी.

तर जा. पोस्ट मोडू नका, बक्षीसपत्र करू नका, आणि तिकीट काढण्याआधी पतपेढीची पावती कपाटातून काढून तिच्यावरची तारीख मला कळवा. मुदत तुमच्या निघण्यानंतर संपत असेल तर निघणं महिनाभर पुढे ढकलता येतं का, ते वसतिगृहाला आजच विचारून ठेवा.