क्लचचं पेडलच नाही, मग गिअर का करकरतो?

प्रश्न: मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. 1969ची पोर्श 911 स्पोर्टोमॅटिक (क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचे) घेतलीय, बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती. गिअर टाकताना करकर आवाज येतो. गिअरबॉक्स उघडू का?

उत्तर: अहो, एवढ्यात नको! या गाडीत लिव्हर हलवायला गेलं की आतला छोटा स्विच चालू होतो आणि व्हॅक्यूमने क्लच सुटतो; तो नीट सुटला नाही की गिअर करकरतो, म्हणून आधी व्हॅक्यूमचे रबरी पाइप बोटाने वाकवून बघा, तडा दिसला की बदला, मग स्विचचे पॉइंट साफ करा, क्लच अ‍ॅडजस्ट करा. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे गिअरबॉक्सकडे देणारा भाग) इंजिनचंच ऑइल वापरतो, तेही बदलाच. चालवताना लिव्हरवर हात ठेवून बसू नका, उगाच क्लच सुटेल. मॅन्युअल करून टाका म्हणणारे भेटतील, पण प्लीज नका करू, 1980 नंतर ही सिस्टिम बनलीच नाही.