निकालाला 74 दिवस झाले, आता अपील होईल का?

सोलापूरकडच्या एका ताईंच्या नवऱ्याला गांजा विक्रीसाठी बाळगल्याबद्दल विशेष न्यायालयाने 10 वर्षे सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड सुनावला. पिशवीत 21 किलो 400 ग्रॅम माल सापडला होता. ताई आल्या तेव्हा निकालाला 74 दिवस झाले होते. "साठ दिवसांची मुदत गेली, दंड भरलेला नाही, आणि अपील केलं तर शिक्षा वाढते म्हणतात."

शिक्षा आरोपीच्या अपिलात वाढत नाही. त्यासाठी सरकारने वेगळं अपील करावं लागतं. दंड थकला म्हणूनही अपील अडत नाही. राहिली मुदत. निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेच्या मागे अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. त्यामधले 18 दिवस वजा केले की उरतात 56. मात्र निकालाची मोफत प्रत आरोपीला त्याच दिवशी मिळाली होती, तेव्हा सरकारी पक्ष हरकत घेणार हे गृहीत धरून विलंबमाफीचा अर्जही जोडला. त्यात "वकिलांनी कळवलं नाही" एवढंच लिहून भागत नाही, तारीखवार कारण लागतं. कैद्याला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. वकालतनाम्यावर सही कारागृहातच होते. सोलापूरचं अपील आता मुंबईला नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातं.

ताईंनी गल्लीतल्या अकरा जणांची "माणूस चांगला आहे" अशी प्रतिज्ञापत्रं आणली होती. ती बाजूला ठेवावी लागली. अपील खालच्या कोर्टातल्या कागदांवरच चालतं, नवा पुरावा क्वचितच घेतला जातो. दयेची विनंतीही इथे चालत नाही: 20 किलोहून जास्त गांजा व्यापारी प्रमाणात धरतात, आणि त्याला किमान शिक्षाच 10 वर्षांची आहे.

म्हणून वजनावर बोट ठेवायचं. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस) व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पंचनाम्यात "पाने, बिया, काड्या व बोंडे" असं लिहिलंय, आणि वजन सगळ्याचं एकत्र. 1 किलो 400 ग्रॅम वजा झालं तरी कमाल शिक्षा 10 वर्षे होते, किमान राहतच नाही. दुसरी फट नमुन्यांची. पंचनाम्यात 24 ग्रॅम, सीए रिपोर्टात (रासायनिक तपासणीच्या अहवालात) 31. माल 19 दिवस ठाण्यात होता, पण मुद्देमाल रजिस्टरचा उतारा खटल्यात आलाच नाही. याच कायद्याच्या कलम 52अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढलेले नाहीत. एवढ्यावर सुटका होतेच असं नाही, पण वजनाच्या तफावतीबरोबर हा मुद्दा जड होतो.

"झडतीला राजपत्रित अधिकारी नव्हता" हे कुणीतरी ताईंच्या मनात पक्कं भरवलं होतं. कलम 50 अंगझडतीपुरतं आहे. माल पिशवीत असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि असा कमकुवत मुद्दा पहिला मांडला की चांगले मुद्दे झाकोळतात.

शिक्षास्थगितीचा अर्ज अपिलासोबतच दिला. कलम 37 मुळे तो अवघड: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण दिसावं लागतं, म्हणून त्यातही वजनाचाच मुद्दा पुढे आहे. अपील दाखल करून घेतलंय, अर्ज अजून सुनावणीच्या बोर्डावर यायचाय. तोवर ताईंकडे एक काम आहे: कारागृहातून कच्च्या कैदेचा दाखला आणणं. निकालाआधीचे दिवस शिक्षेतून वजा होतात, आणि निकालपत्रात अटकेची तारीख दोन महिने उशिराची पडली आहे.