गोल्फच्या रेंजवर चेंडूंची बादली रिकामी करण्याआधी

रेंजनं, म्हणजे सरावाच्या मैदानानं, खेळ सुधारतो, पण सलग पन्नास चेंडू ड्रायव्हरनं (सर्वांत लांब मारायच्या क्लबनं, म्हणजे काठीनं) हाणून नव्हे. तिथली मॅट (चेंडू ठेवायची कृत्रिम गवताची चटई) फार फसवी. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी घसरत पुढे जातो नि फटका बरा वाटतो. गवतात तोच रुततो. आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) मारताना चेंडूमागे चार-पाच इंचांवर टॉवेलची घडी ठेवा. क्लब तिला लागला, की चूक लगेच कळते. दर चेंडूला नेम बदला. रेंजचे चेंडू बहुधा कमी पल्ल्याचे, त्यांवरून अंतरं ठरवू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका, घामानं ग्रिप निसटते. आणि पटिंग, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत भोकात घालणं? पार ७२ मध्ये, म्हणजे अठरा भोकांसाठी ठरलेल्या ७२ फटक्यांत, ३६ फटके पटचेच धरलेले असतात! त्याच्या सरावाला घरी फरशीवर सोलापुरी चादर ताणून अंथरली तरी भागतं. चुणी तेवढी राहू देऊ नका.