ठिसूळ हाडे आणि सूर्यनमस्कार
प्रश्न : माझे वय ६८ आहे. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीत) कण्याचा टी-स्कोअर उणे २.८ आला. मी रोज बारा सूर्यनमस्कार घालते. ते चालू ठेवावेत का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा; तो उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास त्यास अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होणे) म्हणतात. सूर्यनमस्कारात कंबरेतून पुढे वाकताना मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ झालेला मणका त्या दाबाने, कधी कधी फारशी वेदनाही न होता, चेपू शकतो. म्हणून ते तूर्त थांबवावेत. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि जोराचे पीळही टाळावेत. (सवय मोडणे जड जाते, हे खरे.) त्याऐवजी भिंतीचा आधार घेऊन ताडासन, वृक्षासन व वीरभद्रासन करावे, कारण त्यांत शरीराचा भार पायांच्या हाडांवर पडतो, स्नायू बळकट होतात आणि तोल सुधारतो. तोल महत्त्वाचा, कारण या वयात खुब्याचे हाड बहुधा पडल्यामुळेच मोडते. मात्र केवळ आसनांनी हाडांची घनता भरून येईल, अशी अपेक्षा नको. डॉक्टरांची औषधे चालूच ठेवावीत. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी जरूर फिरावे. ज्वारीच्या भाकरीसोबत तिळाची चटणी आणि दही घेतल्यास कॅल्शियमही मिळेल. अचानक पाठ दुखू लागल्यास मात्र आसने थांबवून एक्स-रे काढून घ्यावा.